रक्तगट निगेटिव्ह म्हणजे रक्तात खोट नव्हे

'निगेटिव्ह रक्तगट म्हणजे रक्त कमजोर, अशी मुलगी करू नये' असं अजूनही फॉरवर्ड होतं.

गोंधळ शब्दाचा आहे, आणि तो होणं साहजिक आहे. स्वभाव निगेटिव्ह म्हटलं की वाईट, पण गणितात निगेटिव्ह म्हणजे शून्याच्या खाली, बॅटरीत ते नुसतं एक टोक, फोटोच्या जुन्या रोलमध्ये काळ्याचं पांढरं, आणि एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर आपण सुटकेचा श्वासच टाकतो ना. लॅबमध्ये त्याचा अर्थ एवढाच, की जे शोधलं ते सापडलं नाही.

रक्तगटात शोधतात ते तांबड्या पेशींवरचं 'डी' नावाचं प्रोटीन. लॅबमध्ये विचारलंत तर दाखवतीलही, काचपट्टीवर रक्ताच्या थेंबात अँटी-डी (म्हणजे 'डी'ला ओळखून चिकटणारी प्रतिद्रव्यं) टाकतात, गुठळ्या झाल्या तर पॉझिटिव्ह, नाही झाल्या तर निगेटिव्ह. ताकद वगैरे त्यात कुठेच मोजत नाहीत, हिमोग्लोबिनची टेस्ट वेगळी असते.

काळजी लागते ती गरोदरपणात, आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर. त्यासाठी अँटी-डीचं इंजेक्शन आहे, बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत देतात, बऱ्याचदा २८व्या आठवड्यातही, म्हणून पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना रक्तगट सांगा. स्थळ नाकारण्यासारखं यात खरंच काही नाही.