आशावादी माणसाच्या शरीरात काय घडतं?

अमेरिकेत शेल्डन कोहेन यांच्या गटाने 334 निरोगी माणसांच्या मनःस्थितीची काही दिवस नोंद ठेवली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. एरवी आनंदी, उत्साही, शांत असणाऱ्यांना सर्दी कमी प्रमाणात झाली.

यामागे थोडं शरीरशास्त्र आहे. ताण आला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून निरोप निघतो आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. संकटापुरतं ते उपयोगी पडतं. पण काळजी महिनोन्‌महिने पाठ सोडत नसेल तर झोप उडते, रक्तदाब वाढू शकतो, प्रतिकारशक्तीची घडी विस्कटते.

मला मात्र सवयींचा वाटा जास्त महत्त्वाचा वाटतो. मधुमेहाचं निदान झाल्यावर एक जण म्हणतो, "आमच्या घराण्यातच आहे, आता काय होणार!" दुसरा म्हणतो, "तीन महिन्यांत साखर खाली आणतो." हा दुसरा गोळी चुकवत नाही. सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन सकाळीच चटके देतं, म्हणून तो उजाडायच्या आत सिद्धेश्वर तलावाकडे चालायला निघतो. आपल्या करण्याने काही फरक पडेल असं वाटलं, तरच माणूस पथ्य पाळतो. अमेरिकेतल्या सुमारे 70,000 परिचारिका आणि 1,400 हून अधिक माजी सैनिकांच्या 2019 मधल्या अभ्यासात सर्वांत आशावादी गटाचं आयुष्य सर्वांत कमी आशावादी गटापेक्षा सरासरी 11 ते 15 टक्के जास्त निघालं. व्यायाम, धूम्रपान, आहार यांचा हिशोब धरल्यावर फरक कमी झाला, पण पुसला गेला नाही.

तरीही घाई नको. ब्रिटनमधल्या 7 लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात असं दिसलं, की आधीपासूनचं आजारपण लक्षात घेतलं तर नुसतं दुःखी असण्याने मृत्यूचा धोका वाढत नाही. पुष्कळदा आजारामुळे माणूस दुःखी असतो.

सोलापुरात हजारो बाया घरी बिड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात भिजवलेली तेंदूची पानं. पान मापाने कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोऱ्याने बांधायचं. मान दिवसभर खाली आणि तंबाखूची धूळ नाकातोंडात. खोकला घेऊन आलेल्या अशा बाईला "ताई, सकारात्मक राहा" एवढंच सांगणं हा अन्याय आहे. तिला तपासणी हवी, औषध हवं, पुरेशी मजुरी हवी. तिच्या खोकल्याचा दोष तिच्या स्वभावावर टाकायचा अधिकार विज्ञान कुणालाही देत नाही.

आशा आणि दिवास्वप्न यांतही फरक आहे. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांना खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णांत दिसलं, की 'मी बरा होईन' असा भरवसा असणारे चांगले सावरले; बरं झाल्याच्या गोड कल्पनांत रमणारे मागे पडले. म्हणून ओटिंगेन इच्छेसोबत अडथळाही आठवायला सांगतात. 'रोज चालेन' एवढ्यावर थांबू नये. 'कामाची पाळी बदलून सकाळ गेली, तर संध्याकाळी कामावरून परस्पर चालत घरी येईन' हेही आधीच ठरवावं.

जपानमध्ये 43,000 हून अधिक प्रौढांना 'जगण्यासारखं काही आहे असं वाटतं का?' असा प्रश्न विचारला होता. पुढच्या सात वर्षांत 'नाही' म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण, विशेषतः हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी, जास्त होतं. अर्थात सार्थक आयुष्य लांबच असेल असं नाही. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 1942 मध्ये अवघ्या 32 व्या वर्षी गेले.

आणि ज्याला दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नाही, झोप-भूक उडाली आहे, जगणं नको वाटतं, त्याला आशावादाचे धडे देत बसू नका. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा, किंवा 14416 या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर त्याच्याजवळ बसून फोन लावून द्या. तिथे मराठीतही बोलता येतं.