आरोग्यव्यवस्थेच्या अभ्यासाचे संदर्भ : नागपूरकडून पाहताना

नागपुरात बसून आरोग्यव्यवस्थेवर संशोधन करणाऱ्याची अडचण आजारांवर संशोधन करणाऱ्यापेक्षा वेगळी असते. सिकलसेलवरचे शोधनिबंध पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, सापडतात. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर का टिकत नाहीत, औषधखरेदी कुठे अडते, मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय-रुग्णालयात) रेफर केलेला पेशंट वाटेत कुठे गळतो, या प्रश्नांची सामग्री थोडी महागड्या जर्नलांत आणि बरीचशी सरकारी कागदांत विखुरलेली असते. दोन्हींकडे जाणारी वाट कशी घडली, हे माहीत असलं की शोधाचा बराच वेळ वाचतो.

जुना काळ थोडक्यात. ब्रिटिश अमदानीत मध्य प्रांतात सॅनिटरी कमिशनर, दवाखाने, देवी काढणे, मनोरुग्णालये यांचे वार्षिक अहवाल निघत. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूरची राजधानी गेली. त्यामुळे त्या काळाचा माग काढताना इथल्या पुराभिलेखागाराबरोबर मध्य प्रदेशाची राजधानी झालेल्या भोपाळकडेही पाहावं लागतं. कॅटलॉगमध्ये नुसतं ‘नागपूर’ टाकून भागत नाही, ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’ या नावानेही शोधावं लागतं. यातले काही अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने स्कॅन करून सर्वांसाठी खुले केले आहेत, तेवढा मोठाच दिलासा.

वैद्यकीय लेखांची सूची 1879 पासून छापली जात होती. 1971 मध्ये मेडलाइन ही संगणकावरची सूची आली आणि 1997 मध्ये पबमेड सगळ्यांना फुकट झालं. त्याआधी लेखाची प्रत हवी तर लेखकाला पोस्टकार्ड पाठवून वाट पाहायची, ही रीतच होती.

पबमेडची एक गोम इथे सांगायलाच हवी. शोधपेटीत नुसतं ‘नागपूर’ टाकलं की लेखकाचा पत्ता नागपूरचा असलेले लेखही वर येतात, मग विषय दातांचा असो की प्रयोगशाळेतल्या उंदरांचा. त्यात 2014 पूर्वीच्या नोंदींत फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता असे, नंतर सगळ्यांचे येऊ लागले. म्हणून 2014 नंतर नागपूरवरचं संशोधन एकाएकी वाढल्याचा भास होतो. शोध शीर्षक आणि सारांशापुरता मर्यादित केला की खरं चित्र दिसतं.

सूची फुकट झाली तरी लेख फुकट झाला नाही. सगळा वाद इथूनच सुरू होतो. 2002 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची हिनारी ही योजना आली. गरीब देशांतल्या संस्थांना मोठ्या प्रकाशकांची जर्नलं मोफत किंवा नाममात्र दरात द्यायची, असं ठरलं. सुरुवातीची अट दरडोई वार्षिक उत्पन्न 1,000 डॉलरच्या आत असण्याची होती. भारत तेव्हा या मर्यादेच्या पुष्कळ खाली होता, तरीही भारताला वगळलं गेलं. भारतात जर्नलं विकत घेणारं गिऱ्हाईक आधीच होतं आणि ते प्रकाशकांना गमवायचं नव्हतं. देश म्हणून आपण गरीब, पण बाजारपेठ म्हणून मोठे, आणि निकाल बाजारपेठेच्या हिशेबाने लागला. विदर्भातल्या एखाद्या छोट्या संस्थेकडे ना पैसे होते ना सवलत. माझ्या मते भारतातल्या आरोग्यव्यवस्था-संशोधनाचं इतकं नुकसान दुसऱ्या कुठल्याही एका निर्णयाने केलं नसेल. क्लिनिकल विभागांना मोठ्या कॉलेजांच्या वर्गणीचा आधार तरी होता. धोरण, वित्त, मनुष्यबळ यांवरच्या जर्नलांची वर्गणी भरणारी वैद्यकीय ग्रंथालयं मुळातच कमी होती.

पुढे देशात सरकारी वैद्यकीय ग्रंथालयांसाठी सामाईक वर्गणीचे प्रयत्न झाले, पण मोठा निर्णय व्हायला 25 नोव्हेंबर 2024 उजाडला. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला, म्हणजे देशभरासाठी जर्नलांची एकच वर्गणी भरण्याच्या योजनेला, केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 जर्नलं आणि 6,300 हून अधिक संस्था. मेडिकल, मेयो (इथलं दुसरं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), विद्यापीठ अशा सरकारी छत्राखालच्या नागपूरकरांसाठी ही चांगलीच सोय झाली. मात्र दार सरकारी संस्थांपुरतंच उघडलं. खासगी वैद्यकीय महाविद्यालयं आणि स्वयंसेवी संस्था बाहेरच राहिल्या. मेळघाट-गडचिरोलीत घरोघरी जाऊन आरोग्यसेवेचा अभ्यास वर्षानुवर्षं ज्यांनी केला, त्यांतल्या अनेक संस्था स्वयंसेवीच आहेत. जनतेच्या पैशातून घेतलेली वर्गणी संस्थेच्या पाटीवरून का वाटली जावी, याचं पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

आकडेवारीची गोष्ट त्या मानाने बरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 1992-93 पासून होतंय, पण त्यात जिल्हावार आकडे 2015-16 च्या चौथ्या फेरीपासून मिळू लागले. त्याआधीच्या नागपूर जिल्ह्यासाठी जिल्हास्तरीय घरगुती सर्वेक्षणाच्या फेऱ्या चाळाव्यात. एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. 2005-06 च्या तिसऱ्या फेरीत देशातल्या आठ शहरांचे झोपडपट्टी आणि बिगर-झोपडपट्टी असे वेगळे आकडे काढले होते, आणि त्या आठांत नागपूर आहे. शहरी आरोग्यावर काम करणाऱ्याने ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खरी गुंतागुंत राज्य आणि शहराच्या कागदांत आहे. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, डागा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याकडे, वस्त्यांतले दवाखाने महापालिकेकडे, गावांतली केंद्रं जिल्हा परिषदेकडे. एकाच गरोदर बाईचा प्रवास या चारही दफ्तरांतून होतो, पण नोंदी एकमेकींना भेटत नाहीत. शासन निर्णयांचं संकेतस्थळ उपयोगी आहे. प्रत्येक जीआरला अठरा आकडी सांकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. जुन्या फायलींत मराठी मजकूर शोधता येत नाही, कारण त्या स्कॅन केलेल्या असतात किंवा जुन्या फॉन्टमध्ये असतात. अशा वेळी खातं आणि तारीख यांवरूनच माग काढावा लागतो.

प्रबंधांचंही असंच. पीएच.डी.चे ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर मिळतात. पण एम.डी.च्या विद्यार्थ्यांनी इथल्याच वॉर्डांत, इथल्याच केंद्रांवर केलेलं काम बहुतेक वेळा कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कपाटात जाऊनच वाचावं लागतं.

जे कुठेच सापडत नाही त्यासाठी 2005 पासून माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात 2012 पासून अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयापुरता असावा, असा नियम आहे. त्यामुळे रेफरलची साखळी तपासायची असेल तर दोन्ही खाती, महापालिका आणि जिल्हा परिषद असे चार वेगळे अर्ज करावे लागतात, आणि चारही ठिकाणी त्याच नोंदवहीचं नाव निराळं असू शकतं, म्हणून आधी कार्यालयात जाऊन ते नाव विचारून घेतलेलं बरं.