जेजुरीचा पिवळा आणि लक्ष्मी रोडचं मॅचिंग

मागच्या श्रावणात जेजुरीहून परत येताना दिवे घाटात पावसानं गाठलं. गाडीची खिडकी नीट लागत नव्हती आणि मी फोनवर गडाचे फोटो बघत बसले होते. पायऱ्या, दीपमाळा, माणसांची डोकी, सगळं भंडाऱ्यानं माखलेलं. एक बारीक थेंब नेमका त्या पिवळ्यावर पडला आणि थेंबाखालचा पिवळा फुटला. आत लाल आणि हिरवे ठिपके दिसू लागले, मधे काळपट जागा. पिवळा ठिपका एकही नव्हता.

घरी करून बघण्यासारखं आहे. हळदीचा किंवा झेंडूचा फोटो फोनभर मोठा करा आणि ओल्या बोटानं राईएवढा थेंब काचेवर सोडा. थेंब फुगीर असल्यामुळे भिंगाचं काम करतो. फोनच्या पडद्यात तीनच प्रकारचे दिवे असतात, लाल, हिरवे आणि निळे. पिवळं दाखवायचं असेल तेव्हा निळे विझतात आणि लाल-हिरवे पेटतात. ते काळपट ठिपके म्हणजे विझलेले निळे.

मग पिवळा आला कुठून?

आधी हळदीचंच बघू. हळदीतलं कर्क्युमिन जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतं आणि बाकीचा परत पाठवतं. म्हणजे भंडाऱ्यावरून डोळ्यात येतो तो लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा असा सगळा गोतावळा. याउलट सोडियमचा प्रकाश घ्या. गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ पडलं की जो पिवळा भडका दिसतो, तो जवळजवळ निव्वळ 589 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. आणि फोनमध्ये नुसते लाल अधिक हिरवे. आतला माल तिन्ही ठिकाणी वेगळा, पण डोळा तिघांनाही पिवळंच म्हणतो.

कान असा फसत नाही. हार्मोनियमवर सा आणि प एकदम दाबले तर मधला ग वाजल्यासारखा वाटत नाही, दोन स्वर दोनच ऐकू येतात. (तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार ही वेगळी गोष्ट. तो तारेच्या कंपनातच असतो.) डोळ्याला मात्र रंगांची अशी फोड करता येत नाही.

कारण दृष्टिपटलावरच्या शंकुपेशी. त्यांचे तीन प्रकार असतात. एक साधारण 560 नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त संवेदनशील, दुसरा 530 च्या, तिसरा 420 च्या. पुस्तकांत यांना लाल, हिरव्या, निळ्या शंकुपेशी म्हणतात, ते मला कधीच पटलं नाही. 560 नॅनोमीटरचा प्रकाश तर पोपटी-पिवळ्याकडे झुकलेला दिसतो. पहिल्या दोन प्रकारांचे पट्टे एकमेकांवर इतके चढलेले आहेत की बहुतेक प्रकाश दोघांनाही चेतवतो.

शंकुपेशीला देवळातली दानपेटी समजा. रात्री पेटी उघडली की किती जमले ते कळतं. कोणी टाकले, एकानंच शंभराची नोट टाकली की दहा जणांनी दहा-दहा टाकले, ते पेटीला माहीत नसतं. शंकुपेशीही आपल्याकडे किती प्रकाश शोषला गेला एवढंच सांगते. तो कुठल्या तरंगलांबीचा होता, याची नोंद तिथेच हरवते. मेंदूकडे पोचतात त्या तीन पेट्यांच्या तीन बेरजा. सोडियमच्या प्रकाशानं पहिल्या दोन पेट्या जेवढ्या भरतात, तेवढ्याच त्या लाल-हिरव्याचं माप जुळवून भरता येतात. बेरजा जुळल्या की रंग जुळला.

अर्थात हे ठिपके वेगवेगळे दिसता कामा नयेत. चांगल्या डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतकं अंतर वेगळं ओळखता येतं, असं ढोबळ माप आहे. गणपतीत चौकात लावलेल्या एलईडी पडद्याचे ठिपके एकमेकांपासून 10 मिलिमीटरवर असतील, तर हिशेबानं 34 मीटरच्या पुढे गेल्यावर ते एकमेकांत मिसळतात. गर्दीत पुढे घुसणाऱ्याला बाप्पाऐवजी रंगीत मणी दिसतात. फोन हातभर अंतरावर धरतात, म्हणून तिथे हेच काम मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान ठिपक्यांनी करावं लागतं. (2025 साली प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या एका अभ्यासात डोळ्याची मर्यादा अंशाला 60 ऐवजी 94 ठिपक्यांपर्यंत निघाली. पण ती करड्या रंगातल्या आकृत्यांसाठी. पिवळ्या-जांभळ्या फरकासाठी 53 वरच डोळा थकला.)

आता लक्ष्मी रोड. साडी घेतली की पुढचा मुक्काम मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीसचे तागे जमिनीपासून छतापर्यंत रचलेले आणि काउंटरवरच्या माणसाची नजर अशी की साडीचा पदर बघून तो न विचारता चार तागे खाली काढतो. माझी आई त्यातला एक निवडायची आणि मग ठरलेलं वाक्य म्हणायची, "जरा बाहेर उजेडात बघते हं." दुकानदार हो म्हणायचा, कारण त्यालाही माहीत असायचं. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला डाळिंबी उन्हात विटकरी निघतो.

ही निव्वळ शंका नव्हे. साडी आणि ब्लाउजपीस वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले असतात. ट्यूबलाइटच्या प्रकाशात दोघांच्या तीन बेरजा योगायोगानं सारख्या येतात, उन्हात ते गणित मोडतं. शास्त्रज्ञ याला मेटॅमेरिझम म्हणतात. लक्ष्मी रोडवर त्याचं नुकसान होतं. टीव्ही आणि फोन मात्र याच योगायोगावर चालतात, तिथे तो मुद्दाम घडवून आणलेला असतो.

तो घडवायचा तर किती लाल, किती हिरवा, किती निळा, याचे आकडे हवेत. जेम्स क्लर्क मॅक्सवेल या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञानं 1850 च्या दशकात त्यासाठी भोवरा वापरला. भोवऱ्यावर रंगीत कागदाच्या चकत्या कमीजास्त उघड्या ठेवायच्या, फिरवायचा आणि एकजीव झालेला रंग मधल्या चकतीशी जुळतो का बघायचं. 1861 मध्ये त्यानं लंडनमध्ये रंगीत फितीचे तीन गाळण्यांतून घेतलेले तीन फोटो पडद्यावर एकावर एक टाकून रंगीत चित्र उभं केलं. त्या काळच्या फोटोच्या काचेला लाल प्रकाश दिसतच नव्हता, तरी फितीतला लाल आला. शंभर वर्षांनी उलगडा झाला की लाल कापडावरून परतणारा अतिनील प्रकाश लाल गाळणीतून निसटून काचेवर उमटला होता. नशीब म्हणतात ते हे.

पक्के आकडे मिळायला 1920 चं दशक सरत आलं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात डेव्हिड राइट आणि टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत जॉन गिल्ड यांनी स्वतंत्रपणे एकच काम केलं. माणसाला नळीतून एका लहान खिडकीकडे बघायला बसवायचं. खिडकी केवढी, तर हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढी, दोन अंशांची. तिच्या एका अर्ध्या भागात एकाच तरंगलांबीचा प्रकाश, दुसऱ्यात लाल-हिरव्या-निळ्याचं मिश्रण. हाताशी गुंड्या. मधली रेघ पुसली जाईपर्यंत फिरवायच्या, आकडे लिहून घ्यायचे, पुढची तरंगलांबी. म्हणजे मॅचिंग सेंटरच, फक्त कापडाऐवजी प्रकाश.

राइटकडे दहा माणसं बसली, गिल्डकडे सात. यंत्रं वेगळी, निवडलेले तीन दिवे वेगळे, तरी एका मापात आणल्यावर दोघांचे आकडे आश्चर्य वाटावं इतके जवळ आले. ते एकत्र करून 1931 मध्ये सीआयई या प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेनं 'प्रमाण निरीक्षक' ठरवला. हा कोणी माणूस नाही, सतरा जणांच्या डोळ्यांची सरासरी आहे. आज पुण्यात कोणाच्याही खिशातल्या फोनचे रंग ठरतात ते मूळ याच तक्त्याच्या आधारानं.

एक अडचण मात्र राइट आणि गिल्ड दोघांनाही आली. 500 नॅनोमीटरच्या आसपासचा गडद निळसर हिरवा काही केल्या जुळेना. हिरवा आणि निळा मिसळून येणारा रंग नेहमी फिका पडायचा. रेघ पुसायला एकच मार्ग होता, मिश्रणात घालायचा लाल दिवा उचलून समोरच्या, जुळवायच्या रंगावरच टाकायचा. मग रेघ पुसली जायची आणि वहीत लाल उणे लिहिला जायचा.

फोनला उणे लाल पेटवता येत नाही. म्हणून तीन दिव्यांच्या कुठल्याही पडद्यावर काही रंग येतच नाहीत. 1996 मध्ये संगणकांसाठी एसआरजीबी हे माप ठरलं. 1931 च्या तक्त्यावरून डोळ्याला दिसणाऱ्या सगळ्या रंगांचा जो नकाशा काढतात, त्यावर ते रंगांचा जेमतेम तिसरा हिस्सा व्यापतं आणि सर्वांत मोठी तूट पडते ती नेमकी निळ्या-हिरव्यात. ऑनलाइन मागवलेली मोरपंखी साडी फोटोत मलूल आणि हातात घेतल्यावर झळझळीत दिसते, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण धूपछाव. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असले की कापड हलवल्यावर रंग पालटतो आणि फोटोला हलता येत नाही. 2010 मध्ये शार्प कंपनीनं लाल-हिरव्या-निळ्याच्या जोडीला चौथा पिवळा ठिपका असलेले टीव्ही आणले होते. पण येणारं चित्रच तीन दिव्यांच्या हिशेबानं बनलेलं, त्यात चौथा काय वेगळं सांगणार?

त्यापेक्षा सरळ उपाय म्हणजे तिन्ही दिवे जास्त शुद्ध करायचे. अतिस्पष्ट टीव्हीसाठी 2012 मध्ये जे माप मांडलं गेलं त्यात 630, 532 आणि 467 नॅनोमीटर अशा निव्वळ एकेका तरंगलांबीच्या दिव्यांची अपेक्षा आहे. लेझरनं ते जमू शकतं. मोरपंखीचा बराच भाग मग पडद्यावर येतो. पण इथे सतरा जणांची सरासरी आड येते.

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. पट्टी निघाल्यावर ती आळीपाळीनं एकेक डोळा झाकून भिंतीकडे बघत बसली. नव्या डोळ्याला भिंत पांढरी, किंचित निळसर. जुन्या डोळ्याला चहा सांडून पुसल्यासारखी. "इतकी वर्षं मी हीच भिंत पांढरी समजत होते का?" वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश अडवतं. शिवाय प्रत्येकाच्या शंकुपेशींची संवेदनशीलता थोडी इकडेतिकडे असते. जुन्या टीव्हीच्या प्रत्येक दिव्यात तरंगलांब्यांचा रुंद पट्टा असायचा, त्यात हे फरक बरेचसे मुरून जायचे. अरुंद पट्ट्याच्या दिव्यात मुरायला जागाच उरत नाही. ज्या पांढऱ्यावर प्रमाण निरीक्षक समाधानी आहे, तो एकाला गुलाबी आणि शेजारी बसलेल्याला हिरवट वाटू शकतो. चित्रपटांचे रंग बसवणाऱ्या स्टुडिओत हे आधी लक्षात आलं. जुना नळीचा मॉनिटर आणि नवा ओलेड शेजारी ठेवून आकडे तंतोतंत जुळवले तरी पांढरे जुळेनात. मग आकडे मुद्दाम थोडे बिघडवून रंग नजरेनं जुळवायची पद्धत पडली. काउंटरवरचा तो माणूस आणखी वेगळं काय करतो? सीआयईनं 2006 मध्ये बघणाऱ्याचं वय हिशेबात घेणारं नवं मॉडेल दिलं, पण आपले टीव्ही अजून कोणाचं वय विचारत नाहीत.

माणसांमाणसांत हे असं, तर खिडकीत बसलेल्या कबुतराची काय कथा. त्याच्याकडे किमान चार प्रकारच्या शंकुपेशी आहेत आणि त्याला अतिनीलही दिसतं. आपल्या टीव्हीवरचा पिवळा त्याच्या बेरजांत बसायचं कारण नाही. पुण्यातली कबुतरं बाकी सगळ्यात घुसतात, टीव्ही बघत नाहीत ते बरं.

एप्रिल 2025 मध्ये बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी दिवे मिसळायची पद्धतच बाजूला ठेवली. आधी दृष्टिपटलाच्या एका लहानशा तुकड्यावरची प्रत्येक शंकुपेशी कुठल्या प्रकारची आहे त्याचा नकाशा केला. मग डोळा सतत थरथरत असताना त्याच्यामागे धावत लेझरचे सूक्ष्म ठिपके फक्त 530 वाल्या पेशींवर टाकले. निसर्गात असं होत नाही, कारण ती पेशी चेतली की शेजारची कोणीतरी चेततेच. तीन पेट्यांपैकी फक्त मधलीच भरली तर काय दिसतं? पाच जणांनी बघितलं आणि आजवर न पाहिलेला, कमालीचा गडद निळसर हिरवा असं सांगितलं. त्याचं नाव ठेवलं 'ओलो'. पेट्यांच्या बेरजा शून्य, एक, शून्य. तेच इंग्रजी अक्षरांसारखे वाचलेले.

खरंच नवा रंग दिसला हे तपासायचं कसं, तर त्यांनीही जुळवूनच पाहिलं. एका बाजूला ओलो, दुसऱ्या बाजूला एकाच तरंगलांबीचा, म्हणजे निसर्गातला जास्तीत जास्त गडद निळा-हिरवा. जुळेना. शेवटी ओलोमध्येच पांढरा मिसळून तो फिका करावा लागला, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या झाल्या. राइटच्या वहीतल्या उणे लालचाच हा भाऊबंद.

बातम्यांसोबत ओलोचा म्हणून एक मोरपंखी चौकोन सगळीकडे फिरत होता. मी तो फोनभर मोठा केला आणि वर राईएवढा थेंब सोडला. हिरवे ठिपके, निळे ठिपके, नेहमीचेच.