एक कीबोर्ड, अनेक संगणक: परवानगीच्या वादाची पार्श्वभूमी

एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या खिडकीत दाबलेल्या कळा वाचाव्यात किंवा स्वतः दाबाव्यात का, आणि कोणाच्या परवानगीने, हा तो वाद. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्रात्यक्षिकात वक्त्याच्या उजव्या हातात माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा संच. माउस टिकला, कळांचा संच मागे पडला. पुढे टेबलावर संगणक वाढले, तेव्हा एकाच कीबोर्ड, माउस आणि पडद्यावरून अनेक संगणक चालवू देणारी पेटी, म्हणजे केव्हीएम स्विच, आला. 'स्क्रोल लॉक' दोनदा दाबून संगणक बदलायची सवय सर्व्हर रूममध्ये अनेकांना लागली ती त्याच्यामुळे.

खरा बदल २००१ मध्ये आलेल्या सिनर्जी या सॉफ्टवेअरने केला. कर्सर पडद्याच्या उजव्या कडेला नेला की तो शेजारच्या संगणकावर उमटायचा आणि दाबलेली प्रत्येक कळ नेटवर्कवरून तिकडे जायची. सुरुवातीच्या आवृत्त्यांत हा प्रवास उघडा होता, पासवर्डसकट. म्हणून जाणकार तो एसएसएचच्या, म्हणजे मजकूर कूटबद्ध करून नेणाऱ्या जोडणीच्या, बोगद्यातून नेत. पुढे याच कोडमधून बॅरियर आणि बॅरियरमधून इनपुट लीप ही तशीच सॉफ्टवेअर निघाली.

वाद पेटला तो लिनक्सवर. तिथे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या आणि त्यांच्याकडे कळा पोचवणाऱ्या जुन्या एक्स११ या यंत्रणेत कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीत दाबलेल्या कळा वाचू शकत होता, खोट्या कळा दाबूही शकत होता. सिनर्जी याच मोकळीकीवर चालायची आणि कळा चोरणारा प्रोग्रॅमसुद्धा. एक्स११ची जागा घेण्यासाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने ही वाट बंद केली. तो निर्णय योग्यच होता. चुकलं ते वेळापत्रक. फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकाराने २०१६ मध्ये वेलँड हा मूळ पर्याय केला, पण परवानगी विचारून कळा पकडण्याची आणि पाठवण्याची सोय ग्नोममध्ये, म्हणजे फेडोराच्या नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये, आली ती थेट २०२३ मध्ये. मधली सात वर्षं 'लॉगिन करताना एक्स११ निवडा' एवढंच उत्तर मिळत राहिलं. याच काळात ॲपलच्या मॅकवर सिनर्जीसारखंच काम करणारं युनिव्हर्सल कंट्रोल २०२२ मध्ये आलंही, कारण तिथे संगणक आणि प्रणाली दोन्ही एकाच कंपनीच्या हातात.

या दिरंगाईची झळ फक्त दोन संगणक वापरणाऱ्यांना बसली नाही. ज्यांचे हात चालत नाहीत आणि जे आवाजाने किंवा नजरेने संगणक चालवतात, त्यांची सॉफ्टवेअरही शेवटी दुसऱ्या खिडकीत कळाच 'दाबतात'. वेलँडवर तीही अडली. सुरक्षिततेच्या चर्चेत या लोकांचा विचार आधी व्हायला हवा होता.

नव्या साधनांपुढेही हाच प्रश्न आहे. २०२४ मध्ये बाजारात आलेल्या व्हिजन प्रो या ॲपलच्या डोळ्यांवर घालायच्या संगणकामध्ये डोळा हाच कर्सर आहे, पण आपण कुठे पाहतो आहोत हे ॲपला कळत नाही. बोटांची चिमटी केली की फक्त निवड पोचते. मनगटाच्या स्नायूंचे विद्युत संकेत वाचणारे पट्टेही विकत मिळू लागले आहेत. त्या संकेतांपैकी ॲपच्या हाती काय द्यायचं, हे प्रणाली बनवणाऱ्यांनाच ठरवावं लागणार आहे. ते करताना सहायक सॉफ्टवेअरसाठी रीतसर वाट पहिल्या आवृत्तीपासूनच असली पाहिजे.