डोंगलचा कीबोर्ड की ब्लूटूथचा?

खोक्यावर दोन्हीकडे ‘वायरलेस’ असंच लिहिलेलं असतं. त्यात एकावर ‘२.४ गिगाहर्ट्झ’ छापलेलं दिसलं की गोंधळ आणखी वाढतो, कारण ब्लूटूथही रेडिओलहरींच्या त्याच पट्ट्यात चालतं. खरा फरक आहे तो कीबोर्डचं बोलणं पलीकडे कोण ऐकतं याचा. डोंगलच्या कीबोर्डचा ऐकणारा, म्हणजेच डोंगल, त्याच्यासोबतच येतो: नखाएवढा यूएसबी तुकडा. तो पोर्टात खोचला की कॉम्प्युटरला वायरचा कीबोर्ड लावल्यासारखंच वाटतं. ब्लूटूथमध्ये ऐकायचं काम कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चिपकडे आणि विंडोजकडे जातं.

बाकीच्या बहुतेक भानगडी यातूनच निघतात. सगळ्यात अडवणारी म्हणजे बायोस, विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंगचा पडदा. मशीन सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबायचं असेल, विंडोज नव्याने टाकायचं असेल, तर बहुतेक डेस्कटॉपवर ब्लूटूथ कीबोर्ड म्हणजे नुसता ठोकळा. त्याला ओळखणारी सिस्टिम तेव्हा जागीच झालेली नसते. डोंगल तिथे चालतो. डेस्कटॉपला ब्लूटूथच घेणार असाल तर जुना वायरचा कीबोर्ड भंगारात देऊ नका.

असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये अनेकदा ब्लूटूथ नसतंच. आधी विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर उघडून बघा. यादीत ब्लूटूथची ओळ नसेल तर अडॅप्टर वेगळा घ्यावा लागेल. आणि हा अडॅप्टर दिसतो हुबेहूब डोंगलसारखा! हरवलेल्या डोंगलच्या जागी तो आणणारे हमखास फसतात. दोघांची बोलायची पद्धतच वेगळी, त्यामुळे तो कीबोर्ड त्याला सापडतच नाही. स्वस्त कीबोर्ड-माउस जोडीत बहुधा एकच डोंगल असतो आणि तो त्या जोडीशीच बांधलेला असतो. हरवला की दोन्ही गेले. लॉजिटेकचा युनिफाइंग डोंगल मात्र सुटा घेऊन जोडता येतो आणि एकावर सहा उपकरणं चालतात. पण त्याच कंपनीच्या नव्या लॉजी बोल्टशी त्याचं जमत नाही, तेव्हा कीबोर्डवरचं चिन्ह बघूनच घ्या. प्रवासात डोंगल बॅटरीच्या कप्प्यात ठेवावा, तिथे बहुधा त्याच्यासाठी खाच असते.

डोंगलची नेहमीची तक्रार म्हणजे अक्षरं गळणं. ‘नमस्कार’ टाइप करावं तर ‘नमकार’ उमटतं, किंवा एखादं अक्षर चार वेळा येतं. बॅटरी बदलण्याआधी शेजारच्या पोर्टात काय आहे ते बघा. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह कॉपी करत असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच गोंगाट सोडते. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलं होतं. उपाय साधा आहे: डोंगल निळ्या जिभेच्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टातून काढून लांबच्या यूएसबी २.० पोर्टात घाला, किंवा मीटरभर एक्स्टेन्शन वायर लावून टेबलावर आणा. कॅबिनेटच्या मागे, पत्र्याआड खोचलेला डोंगल एरवीही अडखळतोच.

ब्लूटूथची बाजू भक्कम होते ती फोन आणि टॅबलेटपाशी. तिथे पोर्ट अडवायचं कशाला? बऱ्याच मॉडेलांत तीन उपकरणं लक्षात राहतात. जोडायला ठरावीक बटण तीनेक सेकंद दाबून धरायचं, दिवा भराभर लुकलुकला की फोनच्या यादीत नाव निवडायचं. पडद्यावर आकडे आले तर ते कीबोर्डवरच टाइप करून एंटर मारायचा. इथे अनेकजण एंटर विसरतात आणि जोडणी फसते. झोपलेला ब्लूटूथ कीबोर्ड जागा व्हायला क्षणभर घेतो, त्यामुळे पासवर्डचं पहिलं अक्षर गिळलं जातं. आधी शिफ्ट दाबून उठवावा. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स असेल तर एकीकडची जोडणी दुसरीकडे तुटते, कारण दोघं आपापली गुप्त किल्ली ठेवतात.

आणि हो, २०१६ मध्ये बॅस्टिल या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी काही स्वस्त डोंगल कीबोर्ड दाबलेलं प्रत्येक बटण उघड्यावर पाठवतात हे दाखवून दिलं. बँकेचे पासवर्ड टाकणार असाल तर खोक्यावर ‘एईएस’ एन्क्रिप्शनचा, म्हणजे बटणं सांकेतिक रूपात पाठवण्याचा, उल्लेख शोधा.

मराठीसाठी दोन्ही सारखेच. कीबोर्ड फक्त कुठलं बटण दाबलं ते कळवतो. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीत ‘के’ दाबल्यावर ‘क’ उमटवणारं सॉफ्टवेअर समोरच्या मशीनवर असतं.

किंमतीत थोडाच फरक असेल तर दोन्ही सोयी असलेला घ्या. फक्त त्याच्या कडेला किंवा पोटाशी असलेला स्विच बघत जा: डोंगल खोचलाय आणि स्विच ब्लूटूथवर, म्हणून ‘बंद पडलेला’ कीबोर्ड दुकानात परत नेणारे कमी नाहीत.