तिशीनंतर स्वभाव बदलत नाही? खुलासा

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.’ घरातल्या भांडणात ही म्हण आली की पुढचं बोलणंच खुंटतं. तिला शास्त्राचा आधार असल्यासारखं आणखी एक वाक्य फिरतं: तिशीनंतर स्वभाव बदलत नाही. त्याचं मूळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्या १८९० च्या लिखाणात आहे. बहुतेकांचा स्वभाव तिसाव्या वर्षापर्यंत प्लास्टरसारखा घट्ट होतो, असं ते म्हणाले होते.

ते तसं नाही. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले. जबाबदारीची जाण आणि मनाचं स्थैर्य विशीपासून चाळिशीपर्यंत सर्वांत जास्त वाढतं, आणि काही गुण त्यानंतरही बदलत राहतात. म्हणीत तथ्य आहे ते एवढंच, की चारचौघांच्या तुलनेत आपली जागा फारशी हलत नाही. वर्गातला सर्वांत अबोल मुलगा पन्नाशीतही मित्रांमध्ये बहुधा अबोलच असतो, पण पूर्वीइतका बुजरा नसतो.

‘रक्तातच आहे’ हेही अर्धवट. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांतल्या स्वभावभेदांपैकी साधारण ४० ते ५० टक्के भेद अनुवंशाशी जोडता येतात. हा आकडा लोकसमूहाचा आहे. तुमचा निम्मा स्वभाव कुलूपबंद आहे असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

मग मुद्दाम बदलता येतो का? येतो, पण नुसत्या इच्छेनं नाही. २०१९ मध्ये नेथन हडसन यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी १५ आठवडे दर आठवड्याला छोटी कामं निवडली, उदाहरणार्थ अनोळखी माणसाशी स्वतःहून बोलणं. ज्यांनी ती खरोखर पार पाडली, त्यांचाच स्वभाव हवा तसा सरकला.