असिस्ट मोड
असिस्ट मोड : व्हिडिओ गेम किती अवघड असावा हे खेळणाऱ्याला स्वतः ठरवता यावे, यासाठी गेममध्येच दिलेली सोय. वेग कमी करणे, जादा जीव घेणे, मार लागू न देणे, अडलेला टप्पा सोडून पुढे जाणे हे तिचे नेहमीचे प्रकार. ही सोय वापरणारा ‘खरा गेमर’ नाही, असा आक्षेप तिच्यावर कायम घेतला जातो. पण गेममध्ये मदत पूर्वीपासूनच होती. वाद वाढला तो ती उघडपणे मेनूत येऊन बसल्यावर.

ज्याला ‘मूळ’ काठिण्य म्हणतात, ते आर्केडच्या, म्हणजे दुकानात नाणे टाकून यंत्रावर गेम खेळायच्या, दिवसांत गल्ल्याशी बांधलेले होते. यंत्राच्या सर्किट बोर्डवर बारीक खटके असत. ते वरखाली करून दुकानदार एका नाण्यात किती जीव द्यायचे आणि खेळ किती कठीण ठेवायचा हे ठरवी. खेळाडू लवकर हरला की पुढचे नाणे लवकर पडे. घरगुती यंत्रांवर नाण्याचा प्रश्न उरला नाही, तरी कठीणपणा तसाच राहिला. १९८६ साली कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो ‘ग्रेडियस’ हा गेम घरगुती यंत्रासाठी तयार करत होते. तपासणीच्या वेळी तो त्यांनाच झेपेना. म्हणून वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए अशी बटणे ओळीने दाबली की सगळी शस्त्रे एकदम मिळतील अशी सोय त्यांनी करून ठेवली. हाच पुढे ‘कोनामी कोड’ म्हणून प्रसिद्ध झाला. अमेरिकेत १९८८ साली आलेल्या कोनामीच्याच ‘काँट्रा’ या गेममध्ये तो दाबला की तीस जीव मिळत. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटमधून ‘काँट्रा’ महाराष्ट्रातल्या अनेक घरांतही पोहोचला होता. तीस जीव घेऊन खेळणाऱ्याला तेव्हा कुणी लबाड म्हणत नसे; उलट तो कोड ज्याला पाठ, त्याचा रुबाब असे.

मदत देताना खेळाडूला टोमणा मारण्याची रीतही जुनीच. १९९२ च्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’त सर्वांत सोपी पातळी निवडली की नायक बाळाची टोपी घालून तोंडात चोखणी धरलेला दिसतो. २००९ साली निन्टेंडो कंपनीने आपल्या ‘वी’ (Wii) या घरगुती यंत्रासाठीच्या मारिओत वेगळी युक्ती केली. एकाच टप्प्यात आठ जीव गेले की एक हिरवा ठोकळा उगवतो, आणि त्याला डोके लावले की मारिओचा भाऊ लुईजी तो टप्पा स्वतः खेळून दाखवतो. मात्र हा ठोकळा नुसता उगवला, तरी खेळाडूच्या नोंदीवरचे तारे चमकायचे राहतात. २०१५ च्या ‘मेटल गिअर सॉलिड ५’मध्ये वारंवार मरणाऱ्याला कोंबडीच्या आकाराची टोपी देऊ करतात, ती घातली की शत्रू काणाडोळा करतात. याउलट २००५ चा ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ खेळाडू अडखळतोय असे दिसताच गुपचूप सोपा होतो. बहुतेकांना याचा पत्ताच नव्हता, त्यामुळे त्यांच्या विजयावर कुणी शंकाही घेतली नाही.

असिस्ट मोड हे नाव विशेष चर्चेत आले ते मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांच्या ‘सेलेस्ट’ (२०१८) या गेममुळे. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते, इतकाच त्याचा विषय. पण चढण भलतीच अवघड. इथे गेमचा वेग दहा-दहा टक्क्यांनी निम्म्यापर्यंत उतरवता येतो, मॅडलिनचा दम संपणार नाही असे करता येते, हवेतल्या झेपांची मर्यादा काढता येते. टोमणा कुठेही नाही. तरी सुरुवातीला असिस्ट मोड सुरू करायच्या पानावर, पहिल्यांदा खेळताना हा मोड वापरू नये, अशी शिफारस होती. खेळाडूंनी ते खटकल्याचे कळवल्यावर २०१९ मध्ये मजकूर बदलला आणि शिफारस गेली.

त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या ‘सेकिरो’त काठिण्य निवडायची सोयच नव्हती, आणि त्यावरून जोरदार भांडण जुंपले. तो बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांची भूमिका अशी, की सगळ्यांसमोर एकच आव्हान असले तर चर्चाही एका पातळीवर होते आणि आनंदही. ही निर्मात्याची भूमिका म्हणून प्रामाणिक आहे. चाहत्यांचे ‘गिट गुड’, म्हणजे ‘आधी नीट खेळायला शीक’, हे पालुपद मात्र वेगळे. त्यात चर्चा गेमची नसून समोरच्याच्या लायकीची असते. शिवाय शिकायला लागणारा वेळ आणि बोटांतली ताकद सगळ्यांकडे सारखी आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते.

अपंग खेळाडूंमुळे या वादाला वेगळे वळण लागले. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अपंग खेळाडूंसाठी काढलेल्या ‘एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर’ या गेम खेळायच्या उपकरणावर तळहाताने किंवा कोपरानेही दाबता येतील अशी दोन मोठी बटणे आहेत, आणि मागे बाहेरचे स्विच जोडण्यासाठी खाचांची रांग. त्याचे खोकेसुद्धा एका हाताने ओढून उघडता येईल अशा फासांचे केले होते. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’मध्ये साठांहून अधिक सोयी होत्या, काही अंध खेळाडूंनी तो गेम पूर्ण केला.

मराठी मुलांच्या मैदानी खेळांत कच्चा लिंबू असतोच. धाकटे भावंड पळते, पकडले जाते, पण त्याच्यावर राज्य येत नाही, आणि त्याने खेळ बिघडल्याची तक्रार फारशी कुणी करत नाही. फरक एवढाच, की कच्चा लिंबू कोण हे मोठी मुले ठरवतात, तर असिस्ट मोड माणूस स्वतः निवडतो. एकट्याने खेळायच्या गेममध्ये तर त्याच्यामुळे दुसऱ्या कुणावर राज्य येण्याचा प्रश्नच नसतो.

जिथे खरी स्पर्धा असते, तिथे हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. गेम कमीत कमी वेळात संपवणाऱ्या स्पीडरनरांचे नियम लिखित असतात. ‘सेलेस्ट’च्या नेहमीच्या गटांत असिस्ट मोड चालत नाही, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते.